नाताळचा बाळंतविडा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. आता डोक्यावर नुसता कापूस राहिलाय, दात बरेच गेलेत, जीभ तेवढी शाबूत आहे असं माझी सून म्हणते. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा काही शहाण्याचा धंदा नव्हे, हे मला कळतं. पत्ता तरी काय घालायचा? पण नुकताच महाडात माझ्या लेकाच्या घरी नाताळ झाला, आणि तो तुमच्या पद्धतीचा झाला. हे सांगावं असं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. पोलादपूरच्या दवाखान्यात त्या वेळी जी माणसं होती ती सगळी एकतर वर गेली, नाहीतर मुंबईला.

लिहायला मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा वाचायचा त्रासही तुम्हीच सोसा. शाळा माझी दुसरीतच सुटली. घरात म्हैस आली, तिला रानात न्यायला कोणीतरी हवं होतं, आणि पाटीपेक्षा म्हैस दूध जास्त देते हे माझ्या बापाला बरोबर कळलेलं. पुढे लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला वाडीत आले. नवरा मुंबईला हॉटेलात लागला आणि मी दवाखान्यात पाणी भरायला, फडकी धुवायला लागले. तिथे तुम्ही नर्स. नगरकडच्या, उंच, सावळ्या, पांढऱ्या साडीवर एक डाग पडू न देणाऱ्या. दुपारी पेशंट नसले की तुम्ही स्टोव्हवर सुया उकळत ठेवायचात आणि मला औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावायला बसवायचात. लोकांची पोरं 'कमळ' आधी वाचतात, मी 'विष' आधी वाचलं. "बोलताना नाय म्हण, हाय म्हण, कोण अडवतंय," तुम्ही म्हणायचात, "पण लिहिताना नीट लिही." म्हणून इथे जपून लिहितेय. चुकलं तर चुकलं.

तर झालं असं. माझा लेक महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. औंदा पावसाळ्यापासून ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हापासून घरात सगळं बेतानं चाललंय. सून घरी ब्लाउज शिवते. हात चांगला आहे तिचा. पण बायका ब्लाउज हिच्याकडे टाकतात आणि साडीला फॉल-पिको करायला बाजारात जातात, आणि मग पुढच्या खेपेला ब्लाउजही तिकडेच टाकून येतात. म्हणून पिकोची मशीन घ्यायची असं तिनं केव्हापासून मनात धरलंय. तांदळाच्या पिंपात एक डबा पुरलेला असतो, ब्लाउजच्या पैशातले थोडे थोडे ती त्यात टाकत असते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी हात लावत नाही. माझ्या लेकानं गाडीचा टायर गुळगुळीत झाला तरी चालवला, पण त्या डब्याकडे बघितलं नाही. नात एक आहे, इंग्रजी शाळेत दुसरीत. माझी शाळा जिथं संपली तिथं ती आत्ता पोचलीय, पण तिच्या वाटेत म्हैस नाही.

या नातीनं घोळ केला. शाळेत डिसेंबर लागला की नाताळची गडबड असते. त्यांच्या टीचरनं विचारलं, घरी नाताळ कोण करतं? वर्गात सगळी गप्प. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आजीला नाताळ येतो." जसं कुणाला पोहायला येतं तसं. वर आणि सांगून मोकळी, "सगळे या आमच्याकडे." मे महिन्यात वाडीवर आली होती तेव्हा फणस सोलता सोलता मी तिला तुमच्या गोष्टी सांगितलेल्या. पोरगी गोष्ट ऐकत नाही, साठवते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

सुनेचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं घरात कोणी पडलं-झडलं.

"आई, तुमी काय भरवून ठेवलंत हो हिला? आख्खा वर्ग येतोय घरी!"

"मग येऊ दे की. वर्गाला पाय नायत काय?"

"पाय हायत, पण त्यांना आया पण हायत ना!"

तेव्हा मला प्रकार कळला. माळ्याला एक पिकलेलं तवसं टांगून ठेवलं होतं, आपली ती भोपळ्याएवढी मोठी काकडी. तेवढं पिशवीत घातलं आणि एस्टीनं महाडला उतरले. घरात पाय ठेवते तर सून फोन हातात धरून बसलेली. वर्गातल्या मुलांच्या आयांचा फोनवर एक ग्रुप असतो, त्यात एकेक विचारत होती. झाड केवढं आणणार? केक कुठल्या बेकरीचा? सांताक्लॉज येणार ना? आणि रिटर्न गिफ्ट काय ठरवलंय?

मी विचारलं, रिटर्न गिफ्ट म्हणजे काय गो?

"येणारं पोर आपल्या पोरीला भेट आणतं, आई. मग जाताना आपण त्याला भेट द्यायची."

"मग दोघांनी आपापली भेट घरीच ठेवली तर रिक्षाचं भाडं तरी वाचेल."

तिला हसू आलं नाही. लेक सेकंड शिफ्टला जायच्या आधी जेवत होता. म्हणाला, "सरळ कॅन्सल कर. सांग, गावाहून पाहुणे आलेत." सून म्हणाली, "आणि पोरीनं शाळेत तोंड कसं दाखवायचं?"  मग ती उठली, पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. डबा वर काढून तिनं ओट्यावर ठेवला. त्याच्यावर तांदळाचं पीठ बसलेलं, ते पदरानं पुसलं. लेकाचा घास हातातच राहिला. मी बघतेय, ती रडत नाही, काही नाही, नुसता डबा पुसतेय. रडली असती तर मी दोन शब्द सुनावून गप्प केलं असतं. पुसणाऱ्या माणसाला काय बोलणार?

दारात नात उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. म्हणाली, "मम्मी, मी उद्या सांगते शाळेत, आजी आजारी हाय म्हणून. मग कोणी नाय येणार."

"मला आजारी पाडतेस होय गो?"

"थोडीशीच."

बाई, मी हसले, पण मला ते आवडलं नाही. मशीन आज नाही तर उद्या येईल. आपलं घर झाकून ठेवायची गोष्ट आहे असं एवढ्याशा पोरीच्या डोक्यात बसलं, की ते निघत नाही. मी अशा बायका बघितल्यात, म्हाताऱ्या झाल्या तरी दार अर्धंच उघडतात. मी सुनेला म्हटलं, "तो डबा आधी तांदळात घाल. आणि बस खाली, माझ्या बाईचा नाताळ सांगते तुला." लेक म्हणाला, "आये, माझी बस जाईल." म्हटलं, "जाऊ दे. गाडी घेऊन जा आज."

मग मी त्यांना तो पहिला नाताळ सांगितला. तुम्ही म्हणाल, मला कशाला सांगतेस, तो माझ्याच क्वार्टरमध्ये झाला होता. खरं आहे. पण आमच्या बाजूनं तो कसा झाला ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या सासूनं मला शपथ घातली होती. आता ती नाही, तुम्ही नाही, शपथ कोणाची पाळू? ऐका.

त्या वर्षी भात झोडून झालेलं, वाल पेरून झालेले, बायांना जरा उसंत. तुम्ही मला म्हणालात, "पंचवीस तारखेला संध्याकाळी वाडीतल्या बायांना घेऊन ये. आमच्याकडे बाळ जन्मतंय, बघायला या." एवढंच बोललात, कारण तेवढ्यात कोणीतरी भाजलेलं पोर आणलं आणि तुम्ही धावलात. मी तुमचे शब्द जसेच्या तसे वाडीत नेले. विहिरीवर सांगितलं. कळशा जागच्या जागी थांबल्या.

"अगो, लग्न कुठं झालंय तिचं?"

"नगरला कोणी असेल."

"मला तर कधी दिसलं नाय काही."

"साडी कशी नेसते बघितलीस ना, घट्ट. त्यात काय दिसणार?"

एक म्हणाली, असल्या घरी आपण जायचं नाय. दुसरी म्हणाली, सरकारला कळलं तर नोकरी जाईल बिचारीची. दोन दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. मी मध्ये बोलायला गेले, की मी रोज बघते, तसं काही नाय, तर मलाच म्हणाल्या, तुला काय कळतंय, तू फडकी धू. शेवटी माझ्या सासूनं निकाल लावला. माझ्या जिभेला तुम्ही नावं ठेवायचात, सासूची जीभ तुम्ही नीट ऐकलीच नाहीत. ती पायरीवर बसून तंबाखू मळत होती. म्हणाली, "त्या बाईनं आपल्या किती पोरींना सोडवलंय? रात्र बघितली नाय, पाऊस बघितला नाय. आता ती अडलीय तर आपण तोंडं फिरवायची? बाप कोण ते तिचं ती बघेल. बाळ ते बाळ. बाळंतविडा घेऊन जायचं, आणि कोणी वाकडं विचारलं तर मी तिथंच तिची झिंजी धरीन."

आणि आम्ही आलो, बाई. सगळी वाडी डोंगर उतरून आली. एकीच्या ओटीत अळीव, एकीच्या सुंठ, कोणाकडे डिंकाची पुडी, कोणाकडे खारका. जुन्या लुगड्याचे मऊ झालेले तुकडे लंगोटांसाठी. एक कुंची, तीन पोरांनी वापरलेली. शेपूची जुडी. एकीनं तर कोंबडी आणलेली पाय बांधून, बाळंतिणीला रस्सा म्हणून. विकत आणलेलं त्यात काहीच नव्हतं. होतंच कुठे कोणाकडे! तुम्ही दारात उभ्या, कडक इस्त्रीची साडी, पोट पाटासारखं सपाट. माझ्या सासूनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इतक्यात उठलीस कशाला गो? पडून राहायचं."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही म्हणालात, "का? मला काय झालंय?" सासू उत्तर द्यायला थांबली नाही, सरळ आतल्या खोलीत गेली. मागून आम्ही. तिथे कोपऱ्यात पेंढा पसरलेला, त्यावर मातीची केलेली बाहुली, शेजारी मातीचीच गाय.  कोंबडी तेवढी ओरडत होती.

"हे बाळ?" सासू म्हणाली.

"हेच," तुम्ही म्हणालात. मग तुम्ही आमच्या ओट्यांकडे बघितलं, अळिवाकडे बघितलं, कुंचीकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं, आणि जमिनीवर बसून हसायला लागलात. हसता हसता डोळ्यांना पदर लावलात. हसूनच पाणी आलं असेल, मी काही खोलात गेले नाही. पण त्या दिवशी आम्ही काय समजून आलो होतो, आणि तसं समजूनही आलो होतो, हे तुम्हाला कळलं होतं की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आजवर आहे. मला वाटतं, कळलं होतं. तुम्ही माझ्या सासूच्या पाया पडलात ते उगाच नव्हे.

मग तुम्ही त्या बाळाची गोष्ट सांगितलीत. आई-बाप परगावी, कुठे जागा मिळेना, म्हणून ती गोठ्यात बाळंत झाली. तुम्हाला वाटलं असेल बाया हळहळतील. पण सासू म्हणाली, "बरोबर केलं. थंडीची बाळंतीण, गोठ्यासारखी ऊब दुसरीकडे नाय. माझी सगळी गोठ्याच्या पडवीतच झाली." मग तुम्ही सांगितलंत, लांबून तीन राजे आले आणि त्यांनी सोनं आणलं. सासूनं मान डोलावली, "हां, उगाळून मधातून चाटवायला." मग ऊद आणला. "धुरी द्यायला." आणि गंधरस. ते कोणाला कळेना. तुम्ही म्हणालात, गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. झालं! बाया एकदम बोलायला लागल्या. बोळ म्हणजे बाळंतिणीचंच औषध. सासू म्हणाली, "राजे असून शहाणे होते गो. नायतर बाप्ये खुळखुळा घेऊन येतात." तुम्ही म्हणालात, इतकी वर्षं ही गोष्ट चर्चमध्ये ऐकतेय, पण अशी कधी कोणी समजावली नाही.

खायला एकच पदार्थ होता, रव्याचा केक, आदल्या दिवशी वाळूच्या घमेल्यात भाजून ठेवलेला, आणि गुळाचा कोरा चहा. मी सवयीनं कप विसळायला उठले तर तुम्ही मनगट धरून खाली बसवलंत. "पाहुणे आले की स्टोव्ह बंद आणि बाया खाली. एक पदार्थ कर, पण बसून खा. जिला बसता येत नाही तिचा सण झाला नाही." त्याआधी सणाला बसलेली बाई मी बघितली नव्हती, बाई. आमच्यात सण म्हणजे बाप्यांनी ढेकर द्यायचा आणि बायांनी कढया घासायच्या. आम्ही बसलो, आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून बारशाचे पाळणे म्हटले. मातीच्या बाहुलीला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोंगरावरची एक कातकरीण बाळंत झाली, अंगावरच्या लुगड्याखेरीज तिच्याकडे काही नव्हतं. तुम्ही तो सगळा बाळंतविडा तिच्या खाटेवर नेऊन ठेवलात, कोंबडीसकट. तेव्हापासून तुमची बदली होईपर्यंत दर नाताळला वाडी ओट्या भरून उतरायची, आणि त्या दिवसांत जी कोणी रिकाम्या हातांनी बाळंत होईल तिचं ते असायचं.

हे सगळं ऐकून माझा लेक एवढा हसला की त्याला ठसका लागला. सूनही हसली, पण मग म्हणाली, "आई, ते तेव्हाचं. आता लोक हसतील."

"हसले तर हसले. हसायला पैसे पडत नायत, ना त्यांना ना आपल्याला."

तिनं फोन जवळ ओढला. मग तिचं तिनंच लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. आमच्याकडे बाळ जन्मतंय, बघायला या. नवीन काही आणू नका. आपल्या मुलांचं लहानपणचं, आता न होणारं झबलं, टोपरं, दुपटं आणा, दवाखान्यातल्या गरजू बाळंतिणीला देऊ. मी म्हटलं, 'धुतलेलं' घाल. तिनं घातलं. ग्रुपवर सगळ्या गप्प झाल्या. मग एकीनं नुसते जोडलेले हात पाठवले. सून म्हणाली, "हे चांगलं का वाईट ते या हातांवरून कळत नाय बघा."

मग कामाला लागलो, पण गडबड नाही. दिवाळीचा कंदील माळ्यावर होता, त्याच्या काड्यांवर ब्लाउजच्या लाल चिंध्या चिकटवून नातीनं चांदणी केली. सुनेनं चिंध्यांचीच बाहुली शिवली आणि तिच्यासाठी खण, रेशीम, कॉटन असे तुकडे जोडून हातभर गोधडी शिवली. ती इतकी सुंदर झाली की मी दोनदा हात फिरवला, ती बघत नव्हती तेव्हा. लेक शिफ्टवरून येताना मोटारसायकलवर पेंढ्याचा भारा बांधून घेऊन आला. तवसं किसलं, गूळ, तांदळाचा रवा, आणि बिल्डिंगच्या मागे तीन दगडांवर टोप ठेवून, झाकणावर निखारे टाकून धोंडस केलं. आमचा केक हाच, तुमच्या केकचा थोरला भाऊ. आदल्या दिवशीच करून ठेवलं.

पंचवीस तारखेला पोरं आली, आयाही आल्या. घर केवढंसं, निम्म्या जणी शिलाईच्या मशीनच्या खोलीत, निम्म्या जिन्यावर. नातीनं पेंढ्याजवळ उभं राहून गोष्ट सांगितली. इंग्रजीत सुरू केली, मग मराठीवर आली. "तीन राजे आले, त्यांनी सोनं आणलं, कारण ते बाळाला उगाळून चाटवायचं असतं." माझी सासू बोलत होती, बाई, जशीच्या तशी, फक्त तंबाखू नव्हती. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी कप उचलायला उठले तर सुनेनं मला खाली बसवलं आणि स्वतःही बसली.

त्यात एक होती, वासाचं अत्तर लावलेली, बेकरीचं विचारणारी तीच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झाड नाही केलं का? आणि रिटर्न गिफ्ट?"  नात आईकडे बघायला लागली. माझी जीभ तयारच होती, मी अशी काही हाणणार होते की ती बाई जिना उतरून गेली असती. पण माझ्याआधी सून बोलली. हसून, आवाज न चढवता.

"ताई, बाळ बघायला आल्यावर देऊन जातात. घेऊन गेलेलं कोणी बघितलंय का? आणि झाडाचं म्हणाल तर गोठ्यात कसं राहील? गाय खाईल की."

आधी पोरं हसली. मग आया. मग ती बाईही हसली, जरा उशिरानं, पण खरं हसली. तिनं पर्स उघडली आणि आतून एक इवलासा विणलेला स्वेटर काढला. "माझ्या आईनं विणलेला. द्यावा की नको, असं चाललं होतं मघापासून," म्हणाली, आणि पेंढ्यावर ठेवला. पाळणे म्हणायची वेळ आली तर सगळ्यांत जास्त तिलाच येत होते. माहेर शिवथरकडचं, आमच्याच डोंगराकडचं निघालं. अत्तराखालून काय काय निघतं माणसाच्या! धोंडस तळापर्यंत खरवडून संपलं.

दुसऱ्या दिवशी सून, नात आणि मी, तिघी बोचकं घेऊन दवाखान्यात गेलो. तिथली नर्स तुमच्यासारखीच घाईत. विचारलं, "कुठल्या संस्थेकडून?" सून म्हणाली, "संस्था नाय, घरून." नर्सनं कोपऱ्यातली खाट दाखवली. तिकडं उत्तरेकडची पोरगी, नवरा एमआयडीसीतच ठेकेदाराकडे, आई हजार कोस लांब. तिनं गोधडीवर हात ठेवला आणि घाबरून विचारलं, "कितने का है?" सून म्हणाली, "बेचने का नहीं, बच्चे का है." त्या पोरीला आधी खरं वाटेना. मग तिनं ती गोधडी बाळावर अशी घातली की चेहरा तेवढा दिसत राहिला.

तांदळातला डबा तांदळातच आहे. मशीन शिमग्यापर्यंत येईल असं सून म्हणते. नात शाळेत मान वर करून जाते, आणि तिचं बघून वर्गातली दुसरी एक पोरगी उठून म्हणाली म्हणे, आमच्याकडे ईदला सगळे या. तिच्या आईचं काय झालं असेल ते मला न बघता कळतंय. ती विचारायला आली तर सांगेन, एक पदार्थ कर आणि खाली बस. तुमचं नाव सांगून सांगेन, फुकटचं श्रेय मी घेत नाही. तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत, ते एकेक काढत बसले तर तुम्हीच म्हणाल, पुरे, सुया बघ उकळल्या का. पण खाली बसायला शिकवलंत त्याचे उपकार मोठे. ते मी मानते, आणि एरवी मी फारसं काही मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता एक सांगते आणि थांबते. त्या दिवशी सून जे बोलली ते मला सुचलं नसतं. मी बोलले असते तर ती बाई गेली असती, स्वेटर पर्समध्येच राहिला असता, आणि नात माझी भांडखोर जीभ तेवढी शिकली असती. हे सुनेला तोंडावर सांगायला हवं, कळतं मला. तेव्हापासून प्रयत्न करतेय. तोंड उघडलं की 'धोंडसात मीठ विसरलीस' एवढंच बाहेर पडतं, आणि मीठ तर मीच घातलं होतं. म्हणून हे तुम्हाला लिहिलं. पेटीत टाकायचं नाहीच, घडी करून माझ्या लुगड्यांत ठेवीन. ती समोर बसून ब्लाउजला हूक लावतेय. मघापासून दोनदा मान वर करून बघितलं, आता विचारलंच, "आई, काय एवढं लिवताय?"

म्हटलं, "तुझी चुगली."